रुग्णाच्या उशाशीं : औषध देण्यांतील चुका व त्यांचें निवारण

(महोत्सवानिमित्त पॅरिश सभागृहांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही समितीचे ऋणी आहों. अशा दिवशीं वक्त्यानें जुन्या आठवणी सांगाव्या व पूर्वजांचें गुणगान करावें, ही रीत आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक योग्य मंडळींनीं उत्तम रीतीनें केलेंच आहे. आम्ही पडलों रुग्णसेवेच्या कामांतले. म्हणून आमचा विषय थोडासा रुक्ष वाटला, तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. तथापि तो परका मात्र नाहीं. आपल्या पॅरिशांतील कित्येक लेकीसुना परिचारिका आहेत. आणि ज्यांतील कोणीही कधीं रुग्णालयाच्या खाटेवर निजलें नाहीं, असें घर तर शोधूनच काढावें लागेल. औषध देणारा हात आपला आणि तें घेणारा हातही आपलाच. या दोन हातांमध्यें चूक कशी शिरते आणि तिला दाराबाहेर कसें ठेवावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम ही चूक किती मोठी आहे तें पाहूं. १९९९ सालीं अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या देशाच्या रुग्णालयांत उपचारांतील चुकांमुळें दरवर्षीं ४४,००० ते ९८,००० माणसें दगावत असावींत, असा अंदाज त्यांत होता. ज्या देशांत यंत्रांची व पैशाची वाण नाहीं, तेथील ही स्थिति वाचून वैद्यकाचें जग हादरून गेलें. पुढें २०१७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें केवळ औषधांमुळें होणारी टाळतां येण्याजोगी इजा कमी करण्यासाठीं एक जागतिक मोहीम उघडली. अशा चुकांपायीं जगाचे दरवर्षीं सुमारें ४,२०० कोटि डॉलर वायां जातात, असा तिचा अंदाज होता. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस रुग्णसुरक्षेचा म्हणून जगभर पाळला जातो, आणि २०२२ सालीं त्या दिवसाचा विषय औषधांची सुरक्षा हाच होता. तेव्हां ही कोणा एका निष्काळजी मुलीची गोष्ट नव्हे. ती सर्व जगाची चिंता आहे.

आतां औषधाचा प्रवास पाहा. डॉक्टर केसपेपरावर औषध लिहितात. तें कोणी तरी तक्त्यावर उतरवितें. औषधालयांतून तें वॉर्डांत येतें. आणि शेवटीं परिचारिका तें रुग्णास देते. बोस्टन येथील दोन रुग्णालयांतील चुकांचा बारीक अभ्यास १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें आढळलें, कीं शेंकडा ३९ चुका औषध लिहितांना, १२ उतरवितांना, ११ औषधालयांतून देतांना आणि ३८ रुग्णास औषध देतांना झाल्या होत्या. या आंकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, कीं चूक केवळ परिचारिकेचीच असते हा समज खोटा आहे. उलट, ज्या चुका वेळींच पकडल्या गेल्या, त्यांतील बहुतेक परिचारिकांनींच पकडल्या होत्या. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. डॉक्टरांची चूक पकडावयास औषधालय आहे, औषधालयाची चूक पकडावयास परिचारिका आहे. परंतु परिचारिकेच्या मागें कोणीही उभें नाहीं. तिच्या हातांतून निघालेलें औषध थेट रुग्णाच्या रक्तांत जातें. पेठेच्या शेवटच्या वेशीवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासारखी तिची स्थिति आहे. तिनें डोळा मिटला, तर पुढें दुसरी वेस नाहीं.

म्हणूनच परिचारिकेस पहिल्या वर्षीं पांच गोष्टी पाठ करावयास लावतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. हे पांच नियम सोन्यासारखे आहेत. परंतु आमचा अनुभव असा, कीं नियम पाठ असणें निराळें आणि रात्रीच्या दोन वाजतां, चाळीस खाटांच्या वॉर्डांत, एक मूल रडत असतां व एक म्हातारा सलाईनची नळी उपसून काढीत असतां ते पाळतां येणें निराळें. केवळ “लक्ष द्या, लक्ष द्या” असें म्हटल्यानें लक्ष लागत नाहीं. लक्ष लागेल अशी व्यवस्था करावी लागते. ती व्यवस्था कोणती, हें आतां एकेक करून सांगतों.

पहिली गोष्ट नांवाची. आपल्या लोकांत नांवें मोजकीं आणि आडनांवेंही मोजकीं. एकाच वॉर्डांत दोन मेरी डिसोझा किंवा दोन जॉन परेरा निजलेले असणें हें आपल्या भागांत मुळींच नवलाचें नाहीं. अशा वेळीं “तुम्ही मेरी ना?” असें विचारलें, तर ऐकूं न येणारी म्हातारी मान डोलावते, ग्लानींत असलेली बाई “हूं” म्हणते, आणि औषध भलतीकडे जातें. म्हणून शिकलेली परिचारिका रुग्णाचें नांव आपण उच्चारीत नाहीं, ती विचारते, “आपलें पूर्ण नांव सांगा.” मग तें मनगटावरच्या पट्टीशीं आणि नोंदणी क्रमांकाशीं ताडून पाहते. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण खाट बदलते, माणूस बदलत नाहीं. एकाच नांवाचे दोघे असतील तेथें केसपेपरावर ठळक खूण करावी आणि शक्य तर त्यांच्या खाटा दूर ठेवाव्या.

दुसरी गोष्ट अक्षराची व अंकाची. इन्सुलिनची मात्रा लिहितांना इंग्रजी ‘यू’ हें अक्षर घाईंत काढलें, तर तें शून्यासारखें दिसतें. दहा एककांचीं शंभर होतात आणि रुग्णाची साखर उतरून तो बेशुद्ध पडतो. म्हणून ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. एक मिलिग्रॅम लिहितांना पुढें दशांशचिन्ह देऊन शून्य काढूं नये, कारण टिंब पुसट झालें तर एकाचे दहा होतात. आणि अर्धा लिहावयाचा असतां टिंबाच्या आधीं शून्य अवश्य काढावें, नाहीं तर अर्ध्याचे पांच होतात. टिंब तें केवढें! पण त्याच्या असण्यानसण्यावर एखाद्याचें आयुष्य अवलंबून असतें. डॉक्टरांनीं औषधांचीं मूळ नांवें सुवाच्य, शक्यतों मोठ्या अक्षरांत लिहावीं, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं केला, तो याच कारणास्तव. परिचारिकेला अक्षर लागलें नाहीं, तर तिनें अंदाज करूं नये, डॉक्टरांना विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं, आणि विचारणारीवर खेंकसणाऱ्या डॉक्टरास मोठेपणा नाहीं. तोंडी किंवा टेलिफोनवर हुकूम मिळाला, तर तो लिहून घ्यावा आणि जसाच्या तसा वाचून दाखवून डॉक्टरांकडून “बरोबर” असें वदवून घ्यावें.

तिसरी गोष्ट सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांची. २००६ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं अपुऱ्या दिवसांच्या तान्ह्या मुलांच्या विभागांत एक भयंकर प्रसंग घडला. रक्त गोठूं न देणारें हेपॅरिन नांवाचें औषध आहे. मुलांच्या नळ्या धुण्यासाठीं लागणाऱ्या कुपींत दर मिलिलिटरला १० एकक असतात. मोठ्यांच्या उपचारांसाठीं असलेल्या कुपींत १०,००० एकक होते. दोन्ही कुप्या निळसर रंगाच्या आणि सारख्या आकाराच्या होत्या. चुकून दुसऱ्या जातीच्या कुप्या पहिल्या जातीच्या खणांत ठेवल्या गेल्या. कित्येक वर्षें त्या खणांतून बरोबरच कुपी निघत आली होती. म्हणून परिचारिकांच्या डोळ्यांनीं खण पाहिला, चिठ्ठी पाहिली नाहीं. तीन बालकें दगावलीं. ही वार्ता सर्वत्र गेली असतांही पुढच्याच वर्षीं लॉस एंजेलिस शहरीं एका प्रसिद्ध नटाच्या जुळ्या अर्भकांना हीच हजारपट मात्रा दिली गेली. तीं बाळें सुदैवानें वांचलीं. दुसऱ्याच्या ठेंचेनें शहाणें होणें किती कठीण, हें यावरून दिसतें.

यांतून शिकावयाचें तें असें. तीव्र औषधें वॉर्डाच्या कपाटांत ठेवूंच नयेत. पोटॅशियम क्लोराईडचा तीव्र द्रव पाण्यासारखा स्वच्छ असतो. तो न मिसळतां थेट शिरेंत गेला, तर हृदय बंद पडतें. १९९८ सालापासून अमेरिकेंत व २००२ सालापासून इंग्लंडांत त्याच्या कुप्या सर्वसाधारण वॉर्डांतून हलवाव्या, अशी ताकीद देण्यांत आली. जी कुपी हाताशीं नाहीं, ती चुकून हातीं येणार नाहीं, इतकें हें साधें आहे. जीं तीव्र औषधें ठेवणें भागच आहे, तीं निराळीं, कुलुपांत आणि लाल खुणेचीं असावींत. आणि चिठ्ठी तीन वेळां वाचावी : कपाटांतून काढतांना, सिरिंजमध्यें भरतांना आणि रुग्णास देण्यापूर्वीं. इन्सुलिन, हेपॅरिन, कर्करोगावरील औषधें आणि मुलांच्या मात्रा यांचें गणित दोघींनीं करावें, पण वेगवेगळें करावें. एकीनें उत्तर सांगावें व दुसरीनें मान डोलवावी, याला तपासणी म्हणत नाहींत; ती केवळ सोबत झाली.

चवथी गोष्ट व्यत्ययाची, आणि ही आपणां सर्वांस लागू आहे. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनीं दिलेल्या ४,२७१ औषधांचें प्रत्यक्ष निरीक्षण करण्यांत आलें. तें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. औषध देत असतां मध्येंच येणाऱ्या दर एका व्यत्ययामागें चुकांचें प्रमाण शेंकडा सुमारें १२ नीं वाढत गेलें. आतां आपल्या रुग्णालयांतील भेटीची वेळ डोळ्यांपुढें आणा. परिचारिका औषधांची ट्रॉली घेऊन निघाली, कीं एक नातलग विचारतो, “सिस्टर, डॉक्टर केव्हां येणार?” दुसरा म्हणतो, “सिस्टर, पंखा लागत नाहीं.” तिसरीला चादर पाहिजे असते. प्रत्येकाचा प्रश्न क्षणाचा. परंतु त्या क्षणीं तिच्या डोक्यांत एक गणित चाललेलें असतें, आणि तें विस्कटतें. आपण चर्चमध्यें पवित्र विधि चालला असतां कोणाला हांक मारीत नाहीं. ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेलाही तेवढाच मान द्यावा. रुग्णाचा जीव घाबरा झाला, तर अवश्य हांक मारा. पंखा मात्र पांच मिनिटें थांबूं शकतो.

पांचवी गोष्ट यंत्राची. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत टोपेका येथें माजी सैनिकांचें एक रुग्णालय आहे. तेथील स्यू किनिक नांवाच्या परिचारिकेनें १९९२ सालीं भाड्यानें घेतलेली मोटार परत करतांना पाहिलें, कीं तेथील नोकर हातांतल्या यंत्रानें मोटारीवरील रेघांची खूण वाचून क्षणांत हिशेब पुरा करतो. तिच्या मनांत आलें, मोटारीची ओळख इतकी बिनचूक पटते, मग रुग्णाची कां पटूं नये? त्या विचारांतून रुग्णाच्या मनगटावरील व औषधावरील रेघा यंत्रानें ताडून पाहण्याची पद्धति तेथें सुरू झाली आणि पुढें जगभर पसरली. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयांत या पद्धतीमुळें, वेळेची चूक सोडून, औषध देण्यांतील इतर चुका शेंकडा ४१ नीं कमी झाल्याचें २०१० सालीं सिद्ध झालें. ही कल्पना कोणा इंजिनिअरची नव्हे, एका परिचारिकेची होती, हें आमच्या तरुण भगिनींनीं ध्यानांत ठेवावें. मात्र यंत्रही माणसाच्या हातीं असतें. घाईपोटीं यंत्राची सूचना ओलांडून जाण्याची संवय लागली, म्हणजे यंत्र असून नसल्यासारखें होतें.

याचें हृदयद्रावक उदाहरण अमेरिकेंतील टेनेसी प्रांतांत २०१७ च्या डिसेंबरांत घडलें. एका ७५ वर्षांच्या बाईला तपासणीपूर्वीं भीति वाटूं नये म्हणून शांत करणारें औषध द्यावयाचें होतें. परिचारिकेनें औषधांच्या यंत्र-कपाटांत त्या औषधाच्या व्यापारी नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें दाबलीं; यंत्रांत तें दुसऱ्या नांवानें नोंदलेलें असल्यामुळें सांपडेना. तेव्हां तिनें यंत्राची अडवणूक बाजूस सारून पुन्हां तींच अक्षरें दाबलीं, आणि हातीं आलें तें स्नायु लुळे पाडून श्वास बंद करणारें औषध. मूळ औषध पातळ असतें, हें भुकटीच्या रूपांत होतें. टोपणावर धोक्याची सूचनाही होती. तरीही तें दिलें गेलें, रुग्णावर नजर ठेवण्यास कोणी थांबलें नाहीं, आणि ती बाई मरण पावली. परिचारिकेनें आपली चूक ताबडतोब कबूल केली. तरीही पुढें तिच्यावर फौजदारी खटला झाला. २०२२ सालीं ती दोषी ठरली आणि तिला तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. तुरुंग टळला, पण तिचा परवाना तत्पूर्वींच गेला होता.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि आम्ही त्याला बगल देऊं इच्छीत नाहीं. ज्यांची आई गेली, त्या लेकरांचें दुःख कोण भरून देणार? दोष नाहीं असें म्हणणें म्हणजे त्या मृत माउलीचा अपमान होय. परंतु कबुली देणाऱ्या प्रत्येकीस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें, तर उद्यां दुसरी परिचारिका काय करील? ती गप्प बसेल; आणि ज्या चुकेची वाच्यता झाली नाहीं, ती पुढच्या आठवड्यांत दुसऱ्या वॉर्डांत पुन्हां घडेल. यास्तव विचारी मंडळींनीं तीन भेद केले आहेत. हात घसरला, ती मानवी चूक. तिला धीर द्यावा आणि व्यवस्था सुधारावी. धोका न ओळखतां आडवाट धरण्याची संवय लागली, तर समज देऊन ती मोडावी. धोका ठाऊक असून बेपर्वाईनें केलेलें कृत्य असेल, तर शिक्षा करावी. या तिन्हींना एकाच काठीनें हाणणें हा न्याय नव्हे. तिन्हींवर पांघरूण घालणें हाही न्याय नव्हे.

रुग्णालयें चालविणाऱ्या मंडळींस, त्यांत आमच्या धर्मभगिनीही आल्या, आमची नम्र विनंती आहे. जी मुलगी येऊन म्हणेल, “मॅट्रन, माझ्या हातून चूक होतां होतां राहिली,” तिला सर्वांदेखत बोलूं नका. तिला जवळ बसवा, काय झालें तें लिहून घ्या, आणि चूक कोठल्या फटींतून आंत येत होती तें शोधून ती फट बुजवा. होतां होतां राहिलेली चूक ही फुकट मिळालेली शिकवण आहे. तसेंच चाळीस खाटांवर एकच परिचारिका ठेवून बिनचूक कामाची अपेक्षा करूं नका, आणि दोन पाळ्या लागोपाठ करावयास लावून तिच्या डोळ्यांत झोंप कां, असें विचारूं नका.

आतां शेवटचें बोलणें आपणां घरच्या माणसांशीं. रुग्णालयांत जातांना चालूं असलेल्या सर्व औषधांची यादी, शक्य तर वेष्टणांसह, बरोबर न्या. त्यांत वैद्यांचें चूर्ण व गांवठी काढाही सांगा. कोणत्या औषधानें पूर्वीं अंगावर गांधी उठल्या असतील, तर तें न विचारतां सांगा. नेहमींपेक्षां गोळीचा रंग निराळा दिसला, तर “ही कसली, सिस्टर?” असें नम्रपणें विचारा. चांगली परिचारिका या प्रश्नानें रागावत नाहीं; ती थांबून पुन्हां पाहते. हा प्रश्न म्हणजेच ती दुसरी वेस, जी तिच्या मागें नव्हती.

घरींही सावध असावें. आपल्या देशांत इन्सुलिन मुख्यतः दोन प्रतींचें मिळतें : मिलिलिटरला ४० एककांचें आणि १०० एककांचें. चाळिसाची सिरिंज लाल टोपणाची, शंभराची नारिंगी टोपणाची. शंभराचें इन्सुलिन चाळिसाच्या सिरिंजनें २० च्या खुणेपर्यंत भरलें, तर पोटांत जातात ५० एकक, म्हणजे अडीचपट! म्हणून बाटली आणि सिरिंज यांचे आंकडे जुळवून पाहिल्याशिवाय टोंचूं नये. सांधेदुखीवर व त्वचारोगावर मेथोट्रेक्सेट नांवाची गोळी देतात. ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. ती रोज घेतली, तर तोंडांत फोड येतात, रक्त तयार होईनासें होतें आणि प्राणावर बेततें. अशा गोळीचा वार ठरवून तो वेष्टणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, आणि घरांत दुसऱ्या कोणास तरी तो सांगून ठेवावा.

बंधुभगिनींनो, या सर्व गोष्टी लहान लहान आहेत. एक टिंब, एक टोपण, एक नांव, क्षणभराची शांतता. यांतील एकही गोष्ट करावयास फारसा पैसा लागत नाहीं, फार विद्याही लागत नाहीं. लागतो तो दुसऱ्याच्या जिवाविषयींचा आदर. आपल्या मुलींनीं परिचारिकेचा पांढरा पोषाख चढविला तेव्हां आपण त्यांस अभिमानानें आशीर्वाद दिला. आतां त्यांचें काम बिनचूक व्हावें म्हणून त्यांस स्वस्थता द्या, प्रश्न विचारण्याचें धैर्य द्या आणि खरें बोलण्याची निर्भयता द्या. एवढें झालें, तर पुढच्या महोत्सवास आपल्यापैकीं कांहीं माणसें या सभागृहांत अधिक दिसतील, आणि तीं कां आलीं हें कोणास ठाऊकही नसेल. टळलेल्या अपघाताची बातमी कोठें छापून येत नसते.